शाळेच्या वेळी दुखणारे पोट : मुलांच्या मनोकायिक तक्रारींचा एक अभ्यास

आपल्या समाजात शिक्षणाचे महत्त्व आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. स्मरणिकांतून शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा, नोकरीच्या संधी या विषयांवर लेख येतात व ते यावयासच हवेत. परंतु ज्या मुलाने ही शिडी चढावयाची, ते मूल शाळेच्या फाटकापर्यंतच पोहोचत नसेल तर पुढची सर्व माहिती व्यर्थ होय. पाचवी ते आठवीच्या वयात काही मुले महिन्यातून चार-चार दिवस, कधी आठवडाच्या आठवडा घरी राहतात. कारण एकच सांगितले जाते : पोटात दुखते, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. मग घरातील मंडळी म्हणतात, "सोंग करतोय. दोन लगावून द्या, आपोआप जाईल."

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत लेखनिकाचे काम करतो. परंतु काउंटरवर बसणाऱ्या माणसाला घरोघरची दुखणी आकड्यांच्या रूपाने कळतात. नातवाच्या सोनोग्राफीसाठी मुदत ठेव मोडणारी आजी, मुंबईहून आलेले पैसे दुसऱ्याच दिवशी काढून मुलीला घेऊन दवाखान्याची वाट धरणारी आई, अशी माणसे आम्ही अनेकदा पाहिली आहेत. पैसा तर जातोच, मुलाचे वर्षही जाते. म्हणून या विषयावर जे वाचले, जाणकारांकडून जे समजून घेतले, ते येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

मनोकायिक तक्रार म्हणजे काय?

मनावरील ताण शरीराच्या दुखण्याच्या रूपाने प्रकट होतो, अथवा मूळच्या लहानशा दुखण्याला ताणामुळे जोर चढतो, तेव्हा त्या तक्रारीस मनोकायिक तक्रार म्हणतात. येथे पहिलीच गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही की, हे दुखणे खरे असते. सोंग करणाऱ्याला आपण सोंग करीत आहोत हे ठाऊक असते. मनोकायिक दुखण्यात मुलाला खरोखरच कळ येते, आणि ती का येते हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आपली मराठी भाषाच याची साक्ष देते. भीती वाटली की आपण म्हणतो, पोटात गोळा आला. वाईट बातमी ऐकली की पोटात खड्डा पडतो, हातपाय गळतात, घशाला कोरड पडते. कटकट झाली की डोके उठते. आपल्या आज्या-पणज्यांना शरीर व मन यांचा हा संबंध चांगला ठाऊक होता. मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण तो मान्य करतो, मुलाच्या बाबतीत मात्र विसरतो.

शास्त्र काय सांगते?

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉन ॲप्ले यांनी नोरा नैश यांच्यासह १,००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांच्या काळात निदान तीन वेळा, आणि नेहमीच्या व्यवहारात खंड पडेल इतके पोट दुखणे, ही त्यांनी ठरविलेली कसोटी होती. या कसोटीस सुमारे ११ टक्के मुले उतरली, म्हणजे साधारण नऊ मुलांत एक. रुग्णालयात अशाच तक्रारीसाठी आलेल्या १०० मुलांची त्यांनी कसून तपासणी केली, तेव्हा केवळ ८ जणांत शारीरिक रोग सापडला. त्यानंतर तपासणीची साधने पुष्कळ सुधारली, व्याख्याही बदलल्या. तरी वारंवार पोट दुखणाऱ्या बहुसंख्य मुलांत गंभीर रोग नसतो, हा मुख्य निष्कर्ष आजही टिकून आहे.

हे घडते कसे? आपल्या अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे पसरलेले आहे आणि त्याचा मेंदूशी सतत निरोपांचा व्यवहार चालू असतो. भीती वाटली की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, पोटाकडील रक्तपुरवठा हातापायांच्या स्नायूंकडे वळतो, आतड्यांची चाल बिघडते. त्यामुळे मळमळ, मुरडा, वारंवार शौचाची भावना होते. मान व कपाळाचे स्नायू ताठरले की डोके दुखते. हा प्रकार पुनःपुन्हा झाला की आतडी हळवी होतात. एरवी जाणवलाही नसता इतका वायू किंवा ताण त्यांना कळ म्हणून जाणवू लागतो.

यातून एक चक्र तयार होते. पोट दुखते म्हणून शाळा बुडते. शाळा बुडते म्हणून गणिताचा धडा मागे पडतो. धडा मागे पडला म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहावयाची भीती वाटते. भीती वाटली की पुन्हा पोट दुखते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर हे चक्रवाढ व्याज आहे. जितके दिवस हप्ता चुकेल तितका बोजा वाढत जातो.

आधी शरीर तपासा

"मनाचे आहे" असे घरच्या घरी ठरवून स्वस्थ बसणे हेही तितकेच धोक्याचे आहे. पहिली पायरी नेहमी डॉक्टरचीच. पुढील लक्षणे असल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा :

१) मूल रात्री झोपेतून दुखण्याने जागे होणे.
२) वजन घटणे किंवा उंची-वजन वाढायचे थांबणे.
३) वारंवार ताप, सांधे सुजणे, तोंडात सतत फोड येणे.
४) शौचातून किंवा उलटीतून रक्त, अथवा हिरवट उलटी.
५) बेंबीपासून दूर, एकाच ठिकाणी, विशेषतः उजव्या बाजूस खाली सतत दुखणे.
६) लघवीस जळजळ, मुलग्याच्या अंडकोषात अचानक दुखणे.
७) पहाटे उठताच डोकेदुखीसह उलट्या, दृष्टी अंधूक होणे, चालताना तोल जाणे.
८) घरात कोणाला क्षयरोग असणे, किंवा मुलाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकणे.

याशिवाय साधी कारणेही पुष्कळ असतात. जंत, बद्धकोष्ठ, रिकाम्या पोटी शाळेत जाणे, नंबरचा चष्मा लागणे, रक्त कमी असणे, मुलींची पाळी सुरू होण्याचा काळ, ही सर्व तपासून घ्यावीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला. अशा मुलीला चक्कर येते ती मनाने नव्हे, रक्ताने येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याचा आरंभ महाराष्ट्रात पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची पथके शाळांतून मुलांची मोफत तपासणी करतात. पथक येण्याच्या दिवशी तरी मूल शाळेत हजर राहील याची काळजी घ्यावी.

एकदा नीट तपासणी होऊन डॉक्टरांनी निर्वाळा दिला, की मात्र डॉक्टर बदलत फिरू नये. तीच सोनोग्राफी तीन ठिकाणी करणे, दर वेळी सुई किंवा सलाईनचा आग्रह धरणे, यामुळे "मला काहीतरी भयंकर झाले आहे" ही मुलाची समजूत पक्की होते.

आपल्याकडील कारणे

शहरातील मुलांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. आपल्या कोकणातील मुलांची कारणे थोडी निराळी आहेत. वडील चाकरमानी, मुंबईत खोलीवर, आई शेतात किंवा मोलमजुरीला, मूल आजी-आजोबांजवळ. वाडीतील शाळा चौथीपर्यंत. पाचवीला गेल्यावर पाच-सात किलोमीटरचा प्रवास, पावसाळ्यात भरलेला पऱ्या व साकव, एस.टी. चुकली की वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा. वाडीत सर्वांचा लाडका असलेला मुलगा हायस्कुलात एकदम अनोळखी होतो. घरात दारू असेल तर आईला मार बसेल या धास्तीने मूल घराबाहेर पडावयास भिते. घरात मृत्यू झाला असेल, आई-वडील विभक्त होत असतील, तर तेही पोटातच साठते. आणि आडनाव विचारून केलेली कुजबूज, शिष्यवृत्तीवरून मारलेला टोमणा, हेही मूल घरी सांगत नाही, ते गिळते.

अभ्यासाचे ओझे हे आणखी एक कारण. प्रा. यशपाल समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असा निर्णय काढला. पाठीवरचे ओझे काट्यावर मोजता येते. मनावरचे मोजण्यास त्याच्याशी बोलावे लागते.

कोरोनाच्या साथीत मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा भरले. ज्यांची अक्षरओळख त्या काळात सुटली, ती मुले पुढच्या वर्गांत गेली. वाचता येत नाही हे लपविण्यासाठी मुलाला पोटदुखीपेक्षा सोयीचे कारण कोणते? आणि ते कारण त्याचे शरीरच त्याला पुरविते.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका घरातला पाचवीचा मुलगा. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर सकाळी एस.टी.ची वेळ झाली की त्याला बेंबीभोवती कळ येई, कधी ओकारी होई. अकरा वाजता तो अंगणात खेळत असे. आजीने प्रथम ओवा दिला, मग दृष्ट काढली, मग छडी काढली. रक्त, शौच, सोनोग्राफी सर्व झाले. काही निघाले नाही. सहामाहीनंतर त्याचे बावीस खाडे झाले होते.

मे महिन्यात त्याची आत्या मुंबईहून आली. तिने त्याला दुखण्याबद्दल काहीच विचारले नाही. दुपारी काजू सोलावयास सोबत बसवले आणि शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय होते ते क्रमाने सांगावयास सांगितले. तेव्हा कळले की शाळेतील संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. मोठी मुले दार ढकलून हसत. म्हणून हा मुलगा सकाळपासून पाणी पिणे टाळी आणि दिवसभर शौच दाबून ठेवी. त्यामुळे बद्धकोष्ठ झाले, बद्धकोष्ठाने खरी कळ येऊ लागली, आणि शाळेच्या नुसत्या आठवणीने ती वाढू लागली.

आत्या मुलाच्या आजोबांसह मुख्याध्यापकांना भेटली. कडी बसली. डॉक्टरांनी काही आठवडे पोट साफ होण्याचे औषध दिले, पाणी, पालेभाजी व रोज सकाळी ठरावीक वेळी शौचास बसण्याची सवय सांगितली. पुढील सत्रात त्याचे खाडे दोनवर आले. या उदाहरणात रोग शरीराचा की मनाचा, असा प्रश्न विचारला तर उत्तर देता येणार नाही. दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते, आणि कडी शाळेच्या दाराला हवी होती.

शाळेतील पाणी हा आपल्याला नवा विषय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या बालपणीचा अनुभव लिहून ठेवला आहे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच घेऊन घरी यावयाचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी त्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे जरूर व्हावीत. त्याबरोबर आपल्या गावच्या शाळेत प्रत्येक मुलाला पिण्याचे पाणी मिळते का, संडासाला कडी आहे का, मुलींना वेगळी सोय आहे का, एवढे पाहून यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या सोयी शाळांना बंधनकारक केल्या आहेत, आणि त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारणे व मानसिक छळ करणे यांस बंदी घातली आहे.

भगत, अंगारा आणि अफवा

दुखण्याचे कारण सापडत नाही तेथे भगताचा प्रवेश होतो. बाहेरची बाधा, करणी, नजर अशी नावे दिली जातात. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देण्याची डंबा नावाची अघोरी प्रथा आहे. आपल्याकडेही बिब्ब्याचे डाग देणारे होते. चटक्याच्या भीतीने मूल "बरे वाटते" म्हणते, म्हणजे उपाय लागू पडला असे नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झाला. त्याची माहिती प्रत्येक घरात असावी.

भीती शरीरात कशी उतरते याचे एक उदाहरण मुंबईत घडले. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडी येथील महापालिका शाळेतील एका मुलीचा मृत्यू झाला. शाळेत दिलेल्या गोळ्यांमुळे असे झाले अशी बातमी पसरली आणि मळमळ, पोटदुखी, चक्कर अशा तक्रारी घेऊन शेकडो मुले रुग्णालयांत आली. मुलीच्या मृत्यूचा संबंध गोळ्यांशी नसून क्षयरोगाशी असल्याचे प्राथमिक तपासणीनंतर महापालिकेकडून सांगण्यात आले. त्या शेकडो मुलांना खोटारडे म्हणता येईल काय? मुळीच नाही. त्यांना भीती वाटली, भीतीने पोट ढवळले. अशा वेळी मोठ्या माणसांनी शांत राहणे हेच अर्धे औषध असते.

उपाय : पालकांसाठी

१) मुलावर विश्वास ठेवावा. "तुला दुखते हे मला कळते. डॉक्टरांनी तपासले आहे, धोका नाही. आपण दोघे मिळून कारण शोधू," असे स्पष्ट सांगावे.

२) एक वही घालावी. आम्हा बँकेतील लोकांना खतावणीची सवय असते, ती येथे उपयोगी पडते. तारीख, वार, दुखण्याची वेळ, जागा, काय खाल्ले, शौचास झाले का, आदल्या दिवशी शाळेत काय झाले, त्या दिवशी कोणते तास होते, एवढे रकाने पुरेत. महिनाभराने वही बोलू लागते. फक्त सोमवारी दुखते, रविवारी कधीच नाही. किंवा अमुक तासाच्या दिवशीच दुखते. हे आपोआप दिसते. ही वही डॉक्टरांनाही दाखवावी.

३) शाळा बंद करू नये. पूर्ण दिवस जमत नसेल तर प्रथम दोन तास, मग अर्धा दिवस, असे वाढवीत न्यावे. जितके दिवस घरी, तितके परतणे कठीण.

४) घरी राहिलाच तर तो दिवस सणाचा होऊ देऊ नये. दूरदर्शन व मोबाईल बंद. विश्रांती व हलका अभ्यास. उलट शाळेत गेलेल्या दिवशी संध्याकाळी त्याच्याजवळ बसावे. मुलाला आपले लक्ष दुखण्यामुळे नव्हे, एरवीही मिळते असे वाटले पाहिजे.

५) सकाळी पेज-भाकरी जे असेल ते खाऊनच पाठवावे. रात्री वेळेवर झोप. पोट दुखू लागल्यास पोट फुगवून सावकाश श्वास आत, त्याहून सावकाश बाहेर, असे दहा वेळा करण्यास शिकवावे. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत.

६) मूल एखाद्या विशिष्ट माणसाला टाळत असेल, एकटे राहण्यास भीत असेल, तर अत्याचाराची शंका मनात ठेवून हळुवारपणे विचारावे. यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

शिक्षकांसाठी व संस्थेसाठी

शिक्षकांनी हजेरीपटाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहावे. एकाच मुलाचे खाडे एकाच वारी पडत असतील तर घरी निरोप धाडण्यापूर्वी मुलाला एकट्याला जवळ बोलवावे. वर्गात सर्वांसमोर "आज पोट बरे का?" असा टोमणा मारू नये.

मनाच्या डॉक्टरकडे जाण्याची आपल्याकडे फार लाज वाटते. रत्नागिरीस प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. महाराष्ट्रात अशी चारच : ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी. पण गावोगावी त्याचे नाव थट्टेसाठी वापरले जाते, आणि त्या थट्टेपायी गरजू माणूस दारापर्यंत जात नाही. पोट दुखणाऱ्या मुलाला दाखल करावे लागत नाही; समुपदेशकाशी काही बैठका बहुधा पुरतात. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. घरबसल्या बोलता येते.

आपल्या संस्थेसही करण्यासारखे आहे. वर्षावासाच्या प्रवचनमालेनंतर अर्धा तास पालकांशी या विषयावर बोलण्यास एखाद्या डॉक्टरांना बोलवावे. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवावी, म्हणजे मागे पडलेल्या मुलाला वाचन-गणित न लाजता पुन्हा शिकता येईल. वाडीतील कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी एकेका लहान मुलाचा एस.टी.तील सोबती व्हावे. यास निधी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो,

शेवटचा शब्द तुमच्यासाठी. पोट दुखणे हा भित्रेपणा नाही. तुमचे शरीर काहीतरी सांगत आहे, ते तुम्ही शब्दांत सांगा. आईला सांगता येत नसेल तर आत्याला, मामाला, बाईंना, कोणा एकाला सांगा. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जा. आणि तुमच्या वर्गात कोणी वारंवार घरी राहत असेल तर त्याची वही त्याच्या घरी पोहोचती करा, त्याच्या शेजारी बसा. परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी औषधापेक्षा बाकावर राखून ठेवलेली जागा अधिक उपयोगी पडते.

या अंकाचे वाचन झाल्यावर प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील शाळकरी मुलाला, "आज शाळेत काय काय झाले?" एवढा एकच प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आमचा लेख पूर्ण करतो.